पीएलसी, एचएमआय आणि सीएनसीवरची मेमरी कार्डं, पेनड्राइव्ह आणि डिस्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यात मेंटेनन्स बघणाऱ्या, पॅनल उघडून स्वतः काम करणाऱ्या लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर, एचएमआय म्हणजे ऑपरेटरचा पडदा, सीएनसी म्हणजे मशीन टूलचा संगणकी कंट्रोल. उदाहरणं मुख्यतः सीमेन्स, रॉकवेल आणि फानुकची आहेत, कारण आपल्या एमआयडीसींमध्ये तीच जास्त भेटतात. मेक दुसरी असली तरी मूळ मुद्दा बदलत नाही: कार्डाला हात लावण्याआधी ते तिथे काय काम करतंय हे माहीत पाहिजे. कार्डामुळे मशीन उभी राहण्याचे जे प्रकार होतात, त्यात कार्ड बिघडण्यापेक्षा कार्डाचं काम न ओळखता ते काढलं किंवा घातलं गेल्याचे जास्त असतात.

पॅनलमधलं कार्ड नेमकं करतं काय?

चार अगदी वेगळी कामं असतात, आणि बाहेरून कार्ड सारखंच दिसतं.

काही पीएलसींत प्रोग्रॅम कार्डावरच राहतो. सीमेन्स एस७-३०० च्या मायक्रो मेमरी कार्ड (एमएमसी) वापरणाऱ्या सीपीयूंमध्ये, म्हणजे पीएलसीच्या मुख्य मॉड्यूलमध्ये, आणि सगळ्या एस७-१५०० मध्ये लोड मेमरी, म्हणजे प्रोग्रॅम साठवण्याची जागा, ते कार्डच. ते नसेल तर सीपीयू चालतच नाही. एस७-१२०० मध्ये मात्र लोड मेमरी आत असते आणि कार्ड ऐच्छिक. घातलं तर ते कोणत्या प्रकारचं आहे यावर पुढचं सगळं ठरतं. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्समध्ये प्रोग्रॅम कंट्रोलरच्या मेमरीत चालतो, कार्डावर फक्त त्याची जपून ठेवलेली प्रत असते. आणि एचएमआय, पेपरलेस रेकॉर्डर, सीएनसी यांवरचं कार्ड हे डेटा साठवण्यासाठी किंवा इकडून तिकडे नेण्यासाठी असतं. ते काढल्यावर मशीन सहसा थांबत नाही, पण नोंदी थांबतात, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या प्रत्येक पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक लेबल चिकटवा: इथलं कार्ड कशासाठी आहे, चालू मशीनवर काढायचं की नाही. रात्रपाळीला येणाऱ्या माणसावर याहून मोठे उपकार नाहीत.

दुकानातलं साधं एसडी कार्ड पीएलसीत चालेल का?

सीमेन्सच्या पीएलसीत नाही. सिमॅटिक मेमरी कार्ड दिसतं एसडीसारखं, पण त्यावर सीपीयूला ओळखता येईल अशी खास माहिती कारखान्यातच लिहिलेली असते. साधं कार्ड तो स्वीकारत नाही. एस७-३०० च्या एमएमसीचंही तसंच. किंमत बघून वाईट वाटतं हे खरं, पण इथे पर्याय नाही.

एचएमआय, रेकॉर्डर, सीएनसी यांत साधं कार्ड तांत्रिकदृष्ट्या चालतं. तिथेही माझा आग्रह औद्योगिक दर्जाच्या कार्डाचाच राहील. साध्या कार्डाची तापमानमर्यादा कमी असते, औद्योगिक कार्डाची बहुधा उणे ४० ते ८५ अंश. दुसरा फरक आतल्या फ्लॅशचा. एका पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी फ्लॅश साधारण ५० हजार ते १ लाख वेळा पुसून लिहिता येते. तीन बिट ठेवणारी टीएलसी बऱ्याचदा काही शे ते दोन-तीन हजार वेळांतच थकते. मोबाइलमध्ये फोटो ठेवायला तेवढं पुरतं. दर सेकंदाला नोंद लिहिणाऱ्या बॉयलरच्या रेकॉर्डरला पुरत नाही.

खोट्या क्षमतेची कार्डंही बाजारात येतात: वर ३२ जीबी छापलेलं, आत ८. अशा कार्डावर पहिले काही आठवडे सगळं नीट चालतं आणि नंतरच्या नोंदी बिनबोभाट नाहीशा होतात. डेटासाठी आणलेलं नवं कार्ड लॅपटॉपवर एकदा पूर्ण भरून, परत वाचून तपासा. एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम हेच काम करतो. सीमेन्सच्या पीएलसी कार्डांवर मात्र असले प्रयोग करू नका.

मोठ्या क्षमतेचं कार्ड आणलं, मशीन ओळखतच नाही. का?

एसडी कार्डाच्या पिढ्या आहेत. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि त्याच्या वर एसडीएक्ससी. जुन्या उपकरणाला फक्त पहिली पिढी वाचता येत असेल, तर ८ जीबीचं कार्ड कितीही वेळा फॉरमॅट केलं तरी ते दिसणार नाही. तो दोष कार्डाचा नाही आणि मशीनचाही नाही.

दुसरं कारण फाइल सिस्टिम. ६४ जीबीचं कार्ड किंवा पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. त्याआधी डिझाइन झालेलं उपकरण ती ओळखणार नाही, आणि नंतरचीही अनेक ओळखत नाहीत. फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून बघा. फार जुनं उपकरण असेल तर २ जीबीचं कार्ड आणि फॅट१६. अशी लहान कार्डं आता मिळायला अवघड झाली आहेत, म्हणून मिळतील तेव्हा दोन-चार स्टोअरमध्ये घेऊन ठेवा.

कार्ड चालू मशीनवर काढलं तर चालतं का?

पीएलसीचं असेल तर नाही. एस७-३०० मध्ये सीपीयू चालू असताना एमएमसी काढली की तो स्टॉपमध्ये जातो आणि मेमरी रीसेट मागतो. स्टॉपचा दिवा सावकाश, दोन सेकंदांतून एकदा, लुकलुकायला लागतो. इतकंच झालं तर नशीब, कारण तेच कार्ड परत घालून रीसेट दिला की प्रोग्रॅम पुन्हा वर येतो. खरा घात होतो तो कार्डावर लिहिणं चालू असताना ते ओढलं तर. मग आतला मजकूर बिघडतो आणि सीपीयू ते कार्ड नाकारतो. एस७-१५०० सुद्धा रनमध्ये कार्ड काढल्यावर थांबतो. एस७-१२०० तर उलट बाजूनेही थांबतो: चालू सीपीयूत कार्ड नुसतं घातलं तरी तो स्टॉपमध्ये जातो.

म्हणून सवय एकच ठेवा. मशीन सुरक्षित स्थितीत आणा, पॅनलचा २४ व्होल्ट पुरवठा बंद करा, मगच कार्डाला हात लावा. प्रेस, लिफ्ट, क्रेन, उभ्या अक्षाचं मशीन असेल तर सीपीयू थांबल्यावर भार कुठे जाईल याचा आधी विचार करा. सीपीयू स्टॉपमध्ये गेला की आउटपुट सहसा शून्यावर येतात, आणि शून्य म्हणजे सुरक्षित असं प्रत्येक मशीनवर असेलच असं नाही.

एचएमआयवर सेटिंगच्या पानात कार्ड किंवा यूएसबी सुरक्षित काढण्याचं बटण असतं. ते वापरा. कंट्रोललॉजिक्सच्या एल७ मालिकेत एसडीचा दिवा हिरवा लुकलुकत असेपर्यंत कार्ड काढू नका.

एस७-१२०० मध्ये नवं रिकामं कार्ड घालून बॅकअप घेतला. कार्ड काढलं तर प्रोग्रॅमच गेला. असं कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणारा दरवेळी हादरलेला असतो. त्याची चूक नाही. वागणूकच अशी आहे की अंदाज येत नाही.

रिकामं कार्ड घालून सप्लाय बंद-चालू केला की एस७-१२०० त्याला प्रोग्रॅम कार्ड समजतो. आतल्या लोड मेमरीतला प्रोग्रॅम तो कार्डावर नेतो आणि आतली प्रत पुसतो. आता कार्ड हीच लोड मेमरी. कार्ड आत आहे तोवर मशीन व्यवस्थित चालते, त्यामुळे काम झालं असं वाटतं. मग कोणीतरी ते कार्ड काढून, पाकिटात घालून, कपाटात ठेवतो. सीपीयूकडे काहीच उरत नाही.

घाबरू नका, प्रोग्रॅम कार्डावर आहे. सप्लाय बंद करा, तेच कार्ड परत घाला, सप्लाय चालू करा. तोपर्यंत ते कार्ड लॅपटॉपमध्ये घालून फॉरमॅट करू नका. वाचवण्यासारखी तीच एक प्रत आहे.

प्रोग्रॅम परत सीपीयूच्या आत हवा असेल, तर टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) कार्डाचा प्रकार ट्रान्सफर असा ठेवून त्यावर प्रोग्रॅम टाका. बंद सीपीयूत ते घाला, सप्लाय द्या, मेंटेनन्सचा दिवा लुकलुकायला लागला की सप्लाय बंद करा, कार्ड काढा आणि पुन्हा सप्लाय चालू करा. असं कार्ड पुढे गावोगावी बसवलेल्या मशीनचा प्रोग्रॅम बदलायलाही उपयोगी पडतं. साइटवरच्या माणसाकडे लॅपटॉप असायची गरज नाही. एक लक्षात ठेवा, यात जपून ठेवलेल्या किमती, म्हणजे काउंटर, रनिंग आवर्स, सेट पॉइंट वगैरे, पुसल्या जातात. आधी लिहून घ्या.

रिकामं ट्रान्सफर कार्ड हा तिसरा प्रकार. त्याने आतला प्रोग्रॅम आणि पासवर्ड दोन्ही पुसले जातात. पासवर्ड विसरलेल्या सीपीयूसाठी हाच मार्ग आहे, पण मूळ प्रोजेक्ट तुमच्याकडे असेल तरच. नव्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे सीपीयूच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आतून बाहेर अशी नक्कल होऊ न देण्याची सोय प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये आहे. नवीन मशीन बनवणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

विंडोजमध्ये कार्ड फॉरमॅट केलं. आता पीएलसी घेत नाही.

एस७-३०० च्या एमएमसीला विंडोजच्या कार्ड रीडरमध्ये फॉरमॅट केलं की तिची आतली रचना मोडते. ती सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग उपकरणातून किंवा त्यांच्या खास रायटरवरूनच हाताळायची. मजकूर बिघडल्यामुळे सीपीयू स्वतःच फॉरमॅट मागत असेल, तर स्विच एमआरईएसवर (मेमरी रीसेटच्या खुणेवर) साधारण ९ सेकंद, स्टॉपचा दिवा स्थिर होईपर्यंत, धरून ठेवा. मग सोडा आणि ३ सेकंदांच्या आत पुन्हा एमआरईएसवर न्या. कार्डाला खरोखर फॉरमॅटची गरज असेल तेव्हाच हे लागू पडतं. यानंतर कार्ड कोरं असतं, तेव्हा प्रोग्रॅम हाताशी आहे याची खात्री करूनच स्विचला हात घाला.

एस७-१२०० आणि १५०० ची कार्डं साध्या रीडरमध्ये वाचता येतात, फाइल बघता येतात, पुसताही येतात. फक्त लॉग आणि सीआरडीइन्फो अशा नावांच्या दोन लपवलेल्या फाइल असतात, त्या पुसायच्या नाहीत. त्या गेल्या की कार्ड सीपीयूच्या दृष्टीने संपलं. विंडोजचा फॉरमॅट त्या दोन्ही घालवतो. कार्ड रिकामं करायचं तर टीआयए पोर्टलमधून किंवा सीपीयूत ऑनलाइन जाऊन करा.

लाइट जाऊन आली आणि कंट्रोललॉजिक्सवर सहा महिन्यांपूर्वीचा प्रोग्रॅम आला. ऑनलाइन केलेले बदल कुठे गेले?

कार्डावर प्रत साठवताना एक पर्याय विचारला जातो: ही प्रत कधी चढवायची? तो "पॉवर-अप झाल्यावर" असा ठेवला असेल, तर प्रत्येक वेळी सप्लाय आल्यावर कंट्रोलर कार्डावरचीच प्रत घेतो. तुम्ही मधल्या काळात ऑनलाइन जाऊन टायमर बदललेत, नवीन इंटरलॉक टाकलात, पण कार्डावर पुन्हा साठवलं नाही. मग ते सगळं त्या दिवशी जातं. टॅगच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चलांच्या, किमतीही जुन्या येतात. मशीन चालूच राहते, आणि म्हणूनच हे धोकादायक आहे. काढून टाकलेला दोष परत आलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी माझ्या मते "मेमरी बिघडली तरच चढव" हा पर्याय बरा. आणि ऑनलाइन बदल पक्का झाल्यावर कार्डावर साठवणं हा त्याच कामाचा शेवटचा टप्पा समजा. वर्क परमिट बंद करण्याआधी विचारला जाणारा प्रश्न म्हणून तो चेकलिस्टमध्ये टाका.

फानुक सीएनसीचा पूर्ण बॅकअप कार्डावर कसा घ्यायचा?

लहान वर्कशॉपमध्ये हे काम टाळलं जातं, आणि मग बॅटरी संपते. फानुकचे पॅरामीटर, प्रोग्रॅम, टूल ऑफसेट, पिच एरर काँपेन्सेशन (स्क्रूच्या चुकीची भरपाई) हे सगळं बॅटरीवर टिकणाऱ्या एसरॅममध्ये असतं. बॅटरी कमी असल्याची सूचना पडद्यावर दिवसेंदिवस लुकलुकते. ऑपरेटरची नजर सरावते, कोणी सांगत नाही. एका लांब सुट्टीनंतर मशीन चालू केली की मेमरी कोरी. तेव्हा हाताशी बॅकअप असेल तर अर्ध्या तासाचं काम. नसेल तर मशीन बनवणाऱ्याचा माणूस येईपर्यंत उत्पादन बंद.

पद्धत अशी. मशीन बंद असताना पडद्याशेजारच्या खाचेत कार्ड घाला. पडद्याखालच्या सॉफ्ट की पैकी उजवीकडच्या शेवटच्या दोन दाबून धरा आणि कंट्रोल चालू करा. बूटचा मेनू येतो. त्यात एसरॅम डेटा युटिलिटी, त्यात एसरॅम बॅकअप. संपल्याची सूचना आली की बाहेर पडा. परत चढवण्याचा पर्याय तिथेच बाजूला असतो, म्हणून होकार देण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

ही फाइल त्याच मशीनची. शेजारी त्याच मॉडेलची मशीन असली तरी तिच्यावर चढवू नका. पिच एरर आणि संदर्भबिंदू प्रत्येक मशीनचे स्वतःचे असतात. शिवाय ही फाइल उघडून वाचता येत नाही. म्हणून जोडीला पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्रॅम मजकुराच्या रूपातही बाहेर काढा. त्यासाठी २० नंबरच्या पॅरामीटरमध्ये मेमरी कार्डासाठी ४, यूएसबीसाठी १७ टाकायचे. एकच पॅरामीटर चुकून बदलला गेला तर कागदावरची यादी बघून तो हाताने दुरुस्त करता येतो.

खाच पीसीएमसीआयएची (जुन्या लॅपटॉपमध्ये असायची तशी) असेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश (सीएफ) कार्ड अडॅप्टरमध्ये बसवून वापरतात, आणि लॅपटॉपला यूएसबीचा सीएफ रीडर लावतात. कार्ड अडकलं तर जोर लावू नका. मशीनच्या खाचेत ६८ पिना आहेत आणि त्यातली एक वाकली तरी कार्ड दिसेनासं होतं. टॉर्च लावून बघा. पिना वाकलेल्या असतील तर सप्लाय बंद करूनच, भिंगाखाली, नाजूक चिमट्याने सरळ करायच्या. मुळात अडॅप्टर कायम खाचेतच ठेवून फक्त सीएफ कार्ड काढ-घाल केलं तर मशीनच्या पिना झिजत नाहीत.

एचएमआयचं डेटा लॉगिंग काही महिन्यांनी आपोआप बंद पडलं. कार्ड तर जवळजवळ रिकामं आहे.

कार्ड फॅट१६ असेल आणि रोजची नवी फाइल मुळातच, कोणत्याही फोल्डरशिवाय, पडत असेल तर कारण जवळजवळ नक्की आहे. फॅट१६ च्या मूळ फोल्डरमध्ये साधारण ५१२ नोंदींचीच जागा असते. लांब नाव असलेली फाइल दर १३ अक्षरांना एक आणि वर आणखी एक अशा नोंदी खाते. म्हणजे २० अक्षरांच्या नावाला ३ नोंदी. ५१२ भागिले ३, जेमतेम १७० फाइल. रोज एक म्हटली तर सहा महिनेही नाहीत. जागा गीगाबाइटमध्ये शिल्लक दिसते आणि लिहायला जागा नसते. उपाय: फाइल फोल्डरमध्ये पाडा, किंवा उपकरणाला चालत असेल तर फॅट३२ वापरा.

फॅट३२ ची स्वतःची मर्यादा आहे, एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. पण त्याच्या आधी एक्सेल अडतं. दर सेकंदाला एक ओळ म्हणजे दिवसाला ८६,४०० ओळी. एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळी बाराव्या-तेराव्या दिवशी भरतात. पुढचा डेटा फाइलमध्ये असतो, उघडल्यावर दिसत नाही. रोज एक फाइल हाच शहाणपणाचा हिशेब.

तिसरी शक्यता मार्गाची. प्रोजेक्टमध्ये साठवण्याची जागा एसडी कार्ड अशी दिली आहे आणि तुम्ही पेनड्राइव्ह लावला आहे, किंवा यूएसबीचा पोर्ट बदलला आहे. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, म्हणून आधी हेच तपासा.

कार्ड किती वर्षं टिकतं?

वर्षांत उत्तर देता येत नाही, लिहिण्यांत देता येतं. एस७-३०० च्या एमएमसीसाठी सीमेन्सने ६० अंशांपर्यंत जास्तीत जास्त १ लाख वेळा पुसणं-लिहिणं धरलं आहे. प्रोग्रॅम वर्षातून चार वेळा बदलणाऱ्याला हा आकडा जन्मभर पुरेल. पण कोणी प्रोग्रॅममधून दर सेकंदाला कार्डावर लिहिण्याचा ब्लॉक चालवला, तर १ लाख सेकंद म्हणजे २८ तासांहून कमी. सव्वा दिवसाच्या आत कार्ड थकलं.

तेव्हा नोंदी रॅममध्ये गोळा करून एकदम लिहा. तापमान दर सेकंदाला खरंच बदलतं का हेही विचारा. भट्टीचं तापमान मिनिटाला एकदा नोंदवलं तरी काही बिघडत नाही, आणि लिहिणं ६० पटीने कमी होतं. एस७-१५०० मध्ये कार्डाचं किती आयुष्य वापरलं गेलं ते टक्क्यांत वाचता येतं आणि ठरलेल्या टक्क्यावर सूचनाही लावता येते. ही सोय आहे तर एचएमआयच्या मेंटेनन्स पानावर तो आकडा दाखवाच.

उन्हाळ्यात कार्डाचे एरर वाढतात. संबंध आहे का?

आहे. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेर ४५ अंश असतात तेव्हा बंद पॅनलमध्ये, ड्राइव्ह आणि एसएमपीएसच्या (पॅनलच्या पॉवर सप्लायच्या) उष्णतेसह, तापमान बरंच वर जातं. फ्लॅशमध्ये साठवलेला विद्युतभार उष्णतेत लवकर गळतो, आणि आधीच झिजलेल्या कार्डात जास्तच. पॅनलच्या पंख्याची जाळी साफ करा, आत थर्मामीटर ठेवा. एचएमआय दुपारच्या थेट उन्हात येत असेल तर छज्जा बसवा.

वीज गेल्यावर दरवेळी शेवटची फाइल खराब होते.

फॅट पद्धतीत फाइलचा मजकूर आणि ती कुठे आहे याचा तक्ता वेगवेगळे लिहिले जातात. दोन्हींच्या मध्ये वीज गेली की दोघांचा मेळ जातो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. २४ व्होल्टच्या बाजूला डीसी यूपीएस किंवा बफर मॉड्यूल लावा, मुख्य वीज गेल्याचा सिग्नल पीएलसीला द्या आणि त्या सिग्नलवर लॉग बंद करा. एसएमपीएस स्वतः वीज गेल्यावर साधारण २० मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात फाइल बंद होत नाही.

सुट्टीनंतर लॉगमधल्या तारखा चुकलेल्या दिसतात.

घड्याळ बंद पडलं. एस७-१२०० चं घड्याळ बॅटरीशिवाय, सुपर कपॅसिटरवर, साधारण २० दिवस चालतं. ४० अंशांत किमान १२. साखर कारखान्यात गाळप संपल्यावर पॅनल महिनोन् महिने बंद असतं, तेव्हा पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी घड्याळ लावणं हे बॉयलर पेटवण्याआधीच्या यादीत हवं. बॅटरी बोर्ड मिळतो, तो बसवणंही चांगलं.

स्काडाच्या पीसीला (प्लांटवर नजर ठेवणाऱ्या संगणकाला) बाहेरची हार्ड डिस्क लावली आहे, ती मधूनच नाहीशी होते.

आधी वीज बघा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० साधारण ९००. फिरणारी डिस्क सुरू होताना त्याहून जास्त ओढू शकते. लांब केबलने व्होल्टेज आणखी पडतं. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे नेऊच नका. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा सरळ एसएसडी घ्या. प्रेसशॉपसारख्या थरथरणाऱ्या जागी फिरणारी डिस्क ठेवूच नये.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाल्यावरच डिस्क जात असेल तर अर्थिंग आणि केबलचा मार्ग तपासा. मोटरच्या केबलच्या ट्रेमधून यूएसबी केबल गेलेली असते, आणि तिचं कवच पीसीच्या बॉडीमार्फत अर्थला जोडलेलं असतं. केबल वेगळी करा, गरज पडली तर यूएसबी आयसोलेटर लावा. खूप लांब न्यायचं असेल तर यूएसबी सोडून नेटवर्कवरची साठवण, म्हणजे नॅस, घ्या. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात याला बॅकअप म्हणू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते.

पेनड्राइव्हमुळे पीएलसीला खरंच व्हायरस लागू शकतो?

२०१० च्या जूनमध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट असाच पसरला होता. पेनड्राइव्हवरचा शॉर्टकट विंडोजने नुसता दाखवला तरी तो आत शिरे. मग सीमेन्सचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर स्टेप ७ शोधून तो एस७-३०० आणि ४०० च्या प्रोग्रॅममध्ये बदल करी. इराणमधल्या नातांझचे सेंट्रिफ्यूज हे त्याचं लक्ष्य होतं. तो प्लांट इंटरनेटला जोडलेला नव्हता. आपला प्लांट नेटपासून तोडलेला आहे म्हणून आपण निर्धास्त, हे म्हणणं तेव्हाच संपलं.

कारखान्याचे पेनड्राइव्ह वेगळे, ठरावीक रंगाचे, नंबर टाकलेले असावेत. ते घरी जाऊ नयेत, फोटो-गाण्यांसाठी वापरले जाऊ नयेत. बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस इंजिनीअरचा पेनड्राइव्ह आधी एका वेगळ्या, नेटवर्कला न जोडलेल्या पीसीवर तपासायचा, मग फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन मशीनला लावायच्या. तो साहेब घाईत असला तरी. मोबाइल चार्जिंगसाठी एचएमआय किंवा स्काडाचा यूएसबी पोर्ट वापरू देऊ नका, बाजूला साधा चार्जर लावून द्या म्हणजे प्रश्नच येत नाही. आणि घटना घडलीच तर सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. स्काडावरचे हल्ले त्या यादीत स्पष्ट नमूद आहेत. नोंदी १८० दिवस सांभाळायच्या आहेत.

मशीन उभी आहे, कार्डाचा एरर आहे. सुरुवात कुठून?

दिव्यांचा आणि पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. सप्लाय बंद-चालू केल्यावर ती माहिती जाते. मग लॅपटॉप जोडून डायग्नोस्टिक बफर, म्हणजे सीपीयूने ठेवलेली घटनांची यादी, वाचा आणि सेव्ह करा. कार्ड दिसत नाही, कार्ड वाचता येत नाही आणि कार्डावरचा प्रोग्रॅम या सीपीयूचा नाही, ही तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्ही वेळा मशीन सारखीच थांबलेली असते. तिसरं कारण सीपीयू बदलल्यावर येतं: मॉडेल किंवा फर्मवेअर जुळत नाही.

नंतर सप्लाय बंद करून कार्ड काढा, संपर्क बघा. तेलाचा थर किंवा धूळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारं कापड वापरा, सॅंडपेपर कधीही नाही. खोडरबरही नको, सोन्याचा मुलामा जातो. एस७-१२०० किंवा १५०० चं कार्ड असेल आणि लॅपटॉप ते वाचत असेल, तर आधी त्यावरच्या सगळ्या फाइलची प्रत घ्या. एसडीच्या बाजूची लिहिणं रोखणारी सरकती खूण सरकली आहे का तेही बघा. एवढं करून घाला. चाललं तर कारण सापडलं असं समजू नका, पुढच्या शटडाउनला कार्ड बदला. नाहीच चाललं तर स्पेअर कार्ड घाला. दुसऱ्या चालू मशीनचं कार्ड काढून इथे लावून बघणं ही घोडचूक आहे. त्याने दोन मशीन बंद पडतात.

स्पेअर कार्ड तयार करून कपाटात ठेवलं की झालं का?

ते एकदा लावून, मशीन चालवून बघितलं असेल तरच. काही प्रोग्रॅमचे ब्लॉक मूळ कार्डाच्या किंवा सीपीयूच्या सीरियल नंबरशी बांधलेले असतात. अशा कार्डाची प्रत हुबेहूब दिसते आणि चालत नाही. हे रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा ठरवून घेतलेल्या शटडाउनमध्ये कळलेलं बरं. वर्षातून एकदा प्रत्येक स्पेअर कार्ड लावून बघा, प्रोग्रॅम बदलला असेल तर कार्डही बदला, पाकिटावर मशीनचं नाव, तारीख आणि फर्मवेअर लिहा. फ्लॅश कायमची टिकत नाही. झिजलेल्या ग्राहक दर्जाच्या एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरावा, एवढीच जेडेकच्या (सेमीकंडक्टरची मानकं ठरवणारी संस्था) मानकाची अपेक्षा आहे. म्हणून कार्डाशिवाय सर्व्हरवर एक प्रत आणि कारखान्याच्या बाहेर एक प्रत हवी.

जुनी मशीन विकतोय. कार्ड तसंच जाऊ द्यायचं का?

ज्या मशीनचा प्रोग्रॅम कार्डावरच आहे तिचं कार्ड मशीनबरोबर जायला हवं, नाहीतर घेणाऱ्याला मशीन चालवता येणार नाही. पण आधी त्यातल्या रेसिपी, ग्राहकांच्या जॉबचे प्रोग्रॅम, डेटा लॉग आणि नेटवर्कचे पासवर्ड काढून टाका. नुसत्या डेटाची कार्डं आणि पेनड्राइव्ह देऊ नका. डिलीट केलेला मजकूर परत काढता येतो. जी कार्डं भंगारात जाणार आहेत त्यांच्या आतली चिप फुटेल अशी तोडा आणि ई-कचरा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या.